खान्देशातले विद्यार्थी आणि सेवेची शाळा

(दहावी १९९७च्या तुकडीतर्फे)



स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा सांगितले, "शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. तुला इतिहासाची आवड आहे, तू त्यातले काहीतरी लिही." माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, शिक्षण इंजिनिअरिंगचे. इतिहास हा रविवारचा छंद. त्यामुळे विषय घराजवळचाच निवडला. आपल्या खान्देशात विद्यार्थ्यांनी सेवा कशी केली, त्यातून नेतृत्व कसे घडले आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच या लेखात आहे. मेहरूणच्या तलावाकाठी लहानाचे मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना यातली बरीच गावे ओळखीची वाटतील. त्या गावांचा एकमेकांशी असलेला धागा मात्र मलाही फार उशिरा सापडला.

सुरुवात अमळनेरपासून करावी लागते. जळगावहून सुरतच्या गाडीने तासाभराच्या अंतरावरचे हे गाव. कोकणातल्या पालगडचा पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण आधी तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आला आणि १९२४ साली प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाला. पुढे त्यांच्याकडे छात्रालयाची जबाबदारी आली. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली मुले तिथे राहत. साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे आणि बहुधा 'गुरुजी किती प्रेमळ होते' एवढ्यावरच सोडून दिलेली आहे.

त्यातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलांची कामे करून त्यांनी मुलांना परावलंबी केले नाही. शिक्षक आपली खोली झाडतो हे पाहिल्यावर मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतः झाडू हातात घेतो, हे त्यांना ठाऊक होते. छात्रालयात ते हाताने लिहिलेले एक दैनिक काढत. त्याचे नावही 'छात्रालय'च. पुढे १९२८ साली 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. रोज स्वतः लिहायचे आणि मुलांना वाचायला, विचार करायला लावायचे, अशी ही रीत होती. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी गुरुजींनी नोकरी सोडली. म्हणजे अमळनेरच्या शाळेत ते जेमतेम सहा वर्षे होते. सहा वर्षांत एका शिक्षकाच्या हातून किती वर्ग जात असतील? तरी त्यांचे नाव निघाले की आजही आधी अमळनेरच आठवते.

१९३२ साली गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तिथेच होते. त्या वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, एकूण अठरा. ती उतरून घेतली साने गुरुजींनी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज अनेक भाषांत आहे, त्याची मूळ वही धुळ्याच्या कैदखान्यात भरली. स्वतः एम.ए. झालेला, व्याख्याने देणारा शिक्षक दुसऱ्याचे शब्द उतरून घेणारा लेखनिक झाला. आमच्या व्यवसायात बैठकीचा वृत्तान्त लिहायचे काम कोणाला नको असते. ते सर्वात नव्या माणसाच्या, आणि पुष्कळदा मुलीच्या, गळ्यात पडते. तसे झाले की मला धुळ्याचा तुरुंग आठवतो. त्या वेळी कोणी लिहून घेतले नसते तर ती प्रवचने त्या भिंतींतच राहिली असती.

यानंतरचा टप्पा फैजपूर. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरले, ते पूर्व खान्देशातल्या या गावी. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. अधिवेशन खेड्यात व्हावे हा गांधीजींचा आग्रह होता. मंडप आणि सजावट यांसाठी बांबूसारखे साधे, जवळपास मिळणारे सामान वापरायचे ठरले आणि त्या कामात शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांचा हात होता. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यवस्थेचा भार उचलला. साने गुरुजींनी गावोगाव फिरून माणसे गोळा केली. एरवी मोठ्या शहरात भरणारे अधिवेशन खेड्यात घ्यायचे म्हणजे पाणी, रस्ते, स्वयंपाक आणि सफाई ही सगळी तयारी नव्याने करायची. त्यासाठी स्वयंसेवक लागले. व्यासपीठावरच्या भाषणांची नोंद इतिहासात होते. पाण्याची घागर वाहणाऱ्याची होत नाही. पण सार्वजनिक काम अंगावर घेऊन ते पार पाडता येते, हा धडा फैजपूरच्या परिसरातली तरुण मंडळी गिरवत होती.

आता सहा वर्षे पुढे आणि तापी ओलांडून पश्चिमेला, नंदुरबारला. तेव्हा ते पश्चिम खान्देश जिल्ह्यात होते. ९ सप्टेंबर १९४२. 'चले जाव'च्या घोषणेला महिना झाला होता. शाळकरी मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. पुढे होता शिरीषकुमार मेहता. वय पंधरा. पोलिसांनी बंदूक मुलींच्या दिशेने रोखली तेव्हा तो पुढे सरकला, असे तिथे आजही सांगतात. गोळीबारात शिरीषकुमार गेला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम दलाल हेही गेले. नंदुरबारच्या चौकात त्यांचे स्मारक आहे.

हा प्रसंग आपण दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात ऐकत आलो. माझी मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. ती पंधराची झाल्यापासून मला तो पूर्वीसारखा ऐकवत नाही. अशा बलिदानाची अपेक्षा कोणत्याही मुलाकडून करू नये, असेच मी आई म्हणून म्हणेन. पण त्यातून एक गोष्ट मात्र कळते. त्या मुलांना कोणी पद दिले नव्हते. निवडणूक झाली नव्हती. जो पुढे चालला, त्याच्या मागे बाकीचे चालले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्याकडे महाविद्यालये आली. जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप, दोन्ही १९४५ सालची. पूर्वी पदवीसाठी जिल्ह्याबाहेर जावे लागणाऱ्या मुलांना घराजवळ कॉलेज मिळाले. १९४९पासून पुणे विद्यापीठ होते. १५ ऑगस्ट १९९० रोजी त्यातून वेगळे होऊन आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले आणि २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. असोद्यात जन्मलेल्या, स्वतः लिहू-वाचू न शकणाऱ्या बाईच्या ओव्या घरच्या शिकलेल्या मुलांनी उतरून घेतल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. उतरून घेणाऱ्याचे महत्त्व इथे पुन्हा दिसते.

देश स्वतंत्र झाल्यावर प्रश्न आला: शिकणाऱ्यांनी समाजासाठी काय करायचे? राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने सेवा करावी असे सुचवले. १९५९ साली आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचे मत होते की विद्यापीठात जाण्याआधी प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा सक्तीने करावी. त्याचा खर्च आणि व्यवस्था सरकारला झेपेना. मग के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजना पाहून सक्ती नको, स्वेच्छा हवी असा अहवाल दिला. कोठारी आयोगानेही शिक्षणाला समाजसेवेची जोड द्यावी असे सांगितले. एवढ्या वाटाघाटींनंतर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी एवढ्यावर आरंभ झाला. आज ही संख्या सुमारे ४० लाखांच्या घरात आहे.

तीच आपली 'एनएसएस'. बोधचिन्ह कोणार्कच्या सूर्यमंदिरातले रथचक्र. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, याचा अर्थ स्वयंसेवकाने चोवीस तास तयार असावे. ब्रीद 'नॉट मी बट यू', म्हणजे 'मी नाही, तुम्ही'. नियम सरळ आहेत. दरवर्षी १२० तास काम, दोन वर्षे मिळून २४०, आणि एकदा दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर. प्रत्येक पथकावर एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी.

योजना कागदावर राहते की मातीत उतरते याची परीक्षा लवकरच झाली. १९७२चा दुष्काळ आपल्या आईवडिलांच्या पिढीने भोगला. सुकडी आणि खडी फोडण्याच्या कामांच्या गोष्टी आपण घरोघरी ऐकल्या आहेत. १९७३ साली 'दुष्काळाविरुद्ध युवक' या नावाने देशभर शिबिरे झाली. त्याच्याही आधी, १९६७पासून, बाबा आमटे सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवत होते. ऐन मे महिन्यात महाराष्ट्रभरातून पोरे कुदळ-फावडे घ्यायला जात. योजना सरकारी असो की आश्रमाची, घामाने ओळख होते ही समजूत दोन्हीकडे सारखीच होती.

आता थोडे आपल्या पिढीचे. आपण सातवीत होतो तेव्हा ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती नुकतेच बोळवले होते. शाळेत जुने कपडे आणि धान्य गोळा झाले ते तुम्हाला आठवत असेल. मला आठवतात त्या नववी-दहावीच्या मुली. फाटके कपडे बाजूला काढत होत्या. आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले, "असू दे ना, गरिबांनाच तर द्यायचे आहेत." त्यातली एक म्हणाली, "तू घालशील का?" बस्स, एवढेच. त्यानंतर सातवीच्या पोरींनीही प्रत्येक कपडा उलगडून पाहिला. सेवा म्हणजे काय याची माझी व्याख्या त्या दुपारी जी झाली, ती अजून बदलावी लागलेली नाही.

कॉलेजात मी एनएसएसमध्ये गेले. सात दिवसांचे शिबिर म्हटल्यावर घरी अडचण उभी राहिली. "मुलगी आठवडाभर खेड्यात?" आमचे अण्णा नाही म्हणाले. आमच्या कार्यक्रम अधिकारी असलेल्या मॅडम एका संध्याकाळी घरी आल्या, सोबत वरच्या वर्गातली एक ताई. मॅडम फारसे बोलल्या नाहीत. ताईने अण्णांना सांगितले, "काका, मागच्या वर्षी मी गेले होते. माझ्या वडिलांशी बोला." दोन वडील बोलले आणि मी गेले. पुढच्या वर्षी मी दोन घरी जाऊन हेच वाक्य बोलले. त्या दोघींपैकी एकीने नंतर तीन घरी. शासनाच्या परिपत्रकात ही साखळी कुठे लिहिलेली नाही, पण आमच्या भागातल्या कितीतरी मुली याच रीतीने घराबाहेर पडल्या.

शिबिरात सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री कार्यक्रम. आम्ही वनराई बंधारा बांधला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पावसाळा संपला की नाल्यात थोडे पाणी वाहत राहते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून त्या नाल्यात आडव्या रचायच्या. पाणी अडते, मुरते, शेजारच्या विहिरींना महिना-दोन महिने आधार होतो. खर्च जवळजवळ नाही. पण पुढच्या पावसात तो वाहून जातो. तो कायमचा नसतोच, दरवर्षी नव्याने बांधावा लागतो.

मॅडम रात्रीच्या बैठकीत म्हणाल्या, "आपण बांधला त्याचे कौतुक नाही. पुढच्या वर्षी आपण आलो नाही आणि तरी तो बांधला गेला, तर आपले शिबिर झाले असे समजा." म्हणून दुसऱ्या दिवसापासून रांगेत एक विद्यार्थी, एक गावकरी अशी जोडी लावली. गोणी किती भरायची, तोंड कसे शिवायचे, सांधे कसे चुकवायचे हे गावातल्या पोरांनी आमच्यापेक्षा चांगले केले. खरे तर विटांचे काम करणाऱ्या एका बाबांनी सांधे चुकवायला आम्हालाच शिकवले.

खान्देशाच्या या सगळ्या इतिहासातून मला जे सापडले ते त्या बंधाऱ्यापाशीच आहे. विद्यार्थी नेता इतर नेत्यांसारखा नसतो. त्याची मुदत ठरलेली असते. कारखान्याचा अध्यक्ष वीस वर्षे राहील, पण कॉलेजातला प्रमुख दोन-तीन वर्षांत निघून जाणार हे पहिल्या दिवसापासून नक्की असते. म्हणून त्याने काय केले यापेक्षा त्याच्या मागे कोण उभे राहिले, हीच त्याची कसोटी. गुरुजी सहा वर्षांत अमळनेरहून गेले आणि मागे त्यांची मुले राहिली. दुसऱ्याला वाढवणे हा विद्यार्थी नेतृत्वाचा दागिना नाही, ते त्याचे मूळ कामच आहे.

नेते निवडायचे कसे, यावर मात्र महाराष्ट्रात बरेच पाणी वाहून गेले. आपल्या आधीच्या पिढीने कॉलेजच्या निवडणुका पाहिल्या. त्यांतून पुढे आलेले अनेक जण राजकारणात नावारूपाला आले. पण पैसा आणि मारामारीही आली. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका संपवल्या. आपल्या वेळी विद्यार्थी परिषदेत वर्गात पहिला येणारा आपोआप जाई आणि त्याशिवाय एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक यांचा एकेक प्रतिनिधी व दोन विद्यार्थिनी प्राचार्य नेमत. २०१६च्या कायद्याने पुन्हा मतदानाची तरतूद केली.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गुणांनी निवडलेला हुशार असेल, पण त्याला कोणी मत दिलेले नसते, त्यामुळे जाब विचारणारेही कोणी नसते. निवडून आलेल्याला जाब विचारता येतो, पण निवडून येण्याची कला आणि काम करण्याची कला या वेगळ्या. माझ्या मते १९९४च्या कायद्यात एक चांगली गोष्ट कोपऱ्यात पडून होती: सेवेतून आलेल्या विद्यार्थ्यासाठी ठेवलेली जागा. गुण आणि मत यांच्याखेरीज नेतृत्वाकडे जाणारी तिसरी वाट आहे, हे कायद्यानेही मान्य केले होते.

एनएसएसचेही सगळे गोड नाही. तास भरण्यासाठी सह्या, प्रमाणपत्रासाठी हजेरी, फलक धरून फोटो आणि झाडू परत गाडीत, असे प्रकार आपण पाहिले आहेत. एकाच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप लावल्याचा विनोद सगळ्या कॉलेजांत सांगतात. गाव म्हणजे विद्यार्थ्यांच्या संस्कारासाठी ठेवलेले मैदान नव्हे. गावाला विचारून काम ठरवले नाही, तर सेवा घेणाऱ्यावरच तिचे ओझे होते. तरीही शंभर मुलांतली दहा जरी त्या सात दिवसांत बदलली, तरी खर्च वसूल आहे असे मी हिशेबी माणूस म्हणूनही म्हणेन.

माझ्या नोकरीत एक साधा प्रश्न आम्ही प्रत्येक कामाबद्दल विचारतो: हा माणूस उद्या रजेवर गेला तर काम अडेल का? अडत असेल तर तो कितीही हुशार असो, संघ कच्चा. नवीन आलेल्या मुलीला शेजारी बसवून शिकवण्यात माझा दिवस जातो तेव्हा संध्याकाळी दाखवायला काही नसते. सहा महिन्यांनी ती दुसरीला शिकवत असते तेव्हा असते. हे मी कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकातून शिकले नाही. नाल्यात गोणी रचताना शिकले.

आता मेळाव्याकडे येते. आपल्या तुकडीतल्या मुलींपैकी कितीजणींचे शिक्षण दहावीलाच थांबले हे आपण सगळ्या जाणतो. त्या हुशारीत कमी नव्हत्या. गणितात मला मागे टाकणारी आपल्यातलीच एक होती. तिच्या वडिलांशी बोलायला कोणी "काका, माझ्या वडिलांशी बोला" म्हणणारी ताई तेव्हा आली नाही, एवढाच फरक. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचे यावर गटात खूप चर्चा झाली. पाण्याची टाकी, कमान, प्रोजेक्टर. वस्तू जरूर द्याव्यात. त्यांच्या जोडीला माझी एक सूचना आहे. आपल्यापैकी वीस जणांनी, नववी-दहावीच्या एकेका विद्यार्थ्याशी दोन वर्षांसाठी जोडून घ्यावे. महिन्यातून दोनदा अर्धा तास फोन, अभ्यासाची विचारपूस, अर्ज भरताना मदत, आणि गरज पडली तर घरी जाऊन वडिलांशी बोलणे. जे मेहरूण-जळगावातच आहेत त्यांना घरी जाणे सोपे. आम्ही पुण्या-मुंबईचे, परदेशातले फोनवर.

अट एकच. ज्याला आपण हात दिला त्याने दहावीनंतर नववीच्या एकाला द्यायचा. नोंदवही शाळेत राहील, आपल्याकडे नाही. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. मेळाव्याच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर ती वही ठेवलेली असेल. पहिल्या पानावर वीस ओळी आखल्या आहेत.